जुन्या गाडीची चावी का अडते? पत्त्यांच्या कुलपाची पार्श्वभूमी

सोलापुरात ज्यांच्या दारात जुनी पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर अजून उभी आहे, त्यांच्याकडे गाडी उघडायची एक खास लकब असते. चावी पूर्ण आत घालायची, मग केसभर बाहेर ओढायची, किंचित वर उचलायची आणि मगच फिरवायची. घरात ज्याच्या हाताला हे बसलंय त्यालाच दार उघडतं, बाकीच्यांनी कितीही जोर लावला तरी नाही. ही लकब म्हणजे झिजेचं सरळसरळ लक्षण आहे. ती झीज कुठे होते आणि नवी चावी करून आणली तरी का जात नाही, हे समजायला गाडीच्या दारातल्या या पितळी पत्त्यांच्या कुलपाच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं.

घराच्या दाराला आपण 'येल लॉक' म्हणतो ते पिनांचं कुलूप लायनस येल याने अमेरिकेत १८६० च्या दशकात पक्कं केलं. त्यात प्रत्येक पिनेसाठी अचूक भोक पाडावं लागतं, पिनेचे दोन तुकडे करावे लागतात, म्हणजे यंत्रकाम भरपूर. त्याच दशकात, १८६८ मध्ये, फायलो फेल्टर याला तिथेच एका वेगळ्या रचनेचं पेटंट मिळालं. पिनांऐवजी पातळ पितळी पत्त्या. प्रत्येक पत्तीच्या मधोमध चौकोनी खिडकी, चावी त्या खिडक्यांतून आरपार जाते. बारीक स्प्रिंग पत्तीला एका बाजूला ढकलून धरते, त्यामुळे पत्तीची कड फिरत्या गाभ्याच्या बाहेर येऊन घराच्या, म्हणजे कुलपाच्या बाहेरच्या स्थिर कवचाच्या, खाचेत अडकते. चावीचे दात बरोबर असले की सगळ्या पत्त्या गाभ्याच्या पृष्ठभागाशी सपाट होतात आणि गाभा फिरतो. एखादी जरी वर किंवा खाली राहिली तरी अडतो.

पत्त्या पत्र्यातून ठोक्याने कापून निघतात, घर साच्यात ओतता येतं. कुलूप स्वस्त झालं, आकाराने लहान झालं. मोटारीला पुढे हेच हवं होतं.

अर्थात मोटारीला दाराच्या कुलपाची गरज उशिरा पडली. सुरुवातीच्या गाड्या उघड्या. ज्या गाडीला छतच कापडाचं, तिच्या दाराला कुलूप लावून उपयोग काय? आधी चावी आली ती वीजजोडणीसाठी. फोर्ड मॉडेल टीला १९१९ पासून स्टार्टर आणि चावीची पेटी मिळाली तेव्हा चाव्यांचे नमुने होते फक्त २४, क्रमांक ५१ ते ७४. लाखो गाड्या आणि चोवीस चाव्या! १९२० आणि ३० च्या दशकांत बंद बॉडीच्या गाड्या रुळल्या, तेव्हा दाराचं कुलूप आलं. १९३५ मध्ये जनरल मोटर्सने पत्त्यांच्या शेजारी एक आडवी पट्टी घातलेलं, फोडायला अवघड कुलूप वापरायला सुरुवात केली. ब्रिटिश कारखाने मात्र साध्या पत्त्यांवरच राहिले. तिकडच्या बहुतेक गाड्यांना विल्मॉट ब्रीडन या कंपनीची कुलपं आणि हँडलं असत. चाव्यांच्या मालिका एफए, एफएस अशा अक्षरांच्या. एफएस मालिकेचे क्रमांक ८७६ ते ९५५, म्हणजे जेमतेम ८० नमुने. जुन्या गाडीचं दार कधी कधी शेजाऱ्याच्या चावीने उघडतं त्यात चमत्कार काही नाही. नमुने मुळातच थोडे, त्यात झीज झाली की जवळपासचे दोन-तीन नमुने एकमेकांत मिसळतात.

या इतिहासाचा एक धागा थेट सोलापुरात येतो. वालचंद हिराचंद यांचा जन्म इथला, १८८२ चा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लर गटाच्या डॉज, प्लिमथ जुळवल्या गेल्या, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी करार झाला. त्यातून आलेली ११०० म्हणजे आपली 'डुक्कर फियाट'. तिची पुढची दारं मागच्या खांबाला बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडणारी. धावत्या गाडीत खटका सुटला तर वाऱ्याने दार सताड उघडायचं, म्हणून त्या गाड्यांत दाराचा खटका नीट बसणं हा चोरीपेक्षा जिवाचा प्रश्न होता, आणि आजही आहे. १९६० च्या दशकात आलेल्या ११०० डिलाइटची दारं सरळ झाली. तिचंच पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी असं नामांतर झालं. दुसरीकडे बंगालातल्या उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून १९५७ मध्ये बेतलेली, आणि ती मे २०१४ पर्यंत निघत राहिली. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या कुलपांची घराणी मुख्यतः दोन, एक इटालियन वळणाचं आणि एक ब्रिटिश. आतलं तत्त्व दोन्हीकडे तेच, पितळी पत्त्यांचं.

एवढी वर्षं एकच मॉडेल चालल्याचा फायदा असा की सुटे भाग मिळत राहिले. तोटा असा की बदली 'लॉक सेट' पुढे पुढे हलके होत गेले. मूळ कुलपाचं घर जड ओतीव जस्तमिश्रणाचं, पत्त्या जाड पितळेच्या. बाजारातल्या कित्येक सेटांत पत्त्या पातळ आणि चावी लोखंडी, वरून चकचकीत मुलामा दिलेली. लोखंडी चावी पितळी पत्तीला कानशीसारखी खाते. पुण्याची नाना पेठ असो की मुंबईचा चोरबाजार, मूळ कुलूप चालू स्थितीत मिळत असेल तर आमच्या मते ते नव्या सेटपेक्षा केव्हाही घ्यावं, जरी त्याला चावी नसली तरी. चावी करता येते. चांगली पत्ती आणि घट्ट घर आता कोणी करत नाही.

आता सोलापूरच्या हवेचा भाग. इथे दमट हवेची गंज कमी, धूळ जास्त. काळ्या मातीची पिठासारखी बारीक धूळ, पेठांमध्ये त्यात यंत्रमागांचा सुताचा तंतू. मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, दाराच्या काचेखालचं रबर त्यात तडकतं आणि धूळ सरळ दाराच्या पोटात उतरते. अशा कुलपात कोणी इंजिन ऑइल किंवा खोबरेल सोडलं की आठवडाभर चावी लोण्यासारखी फिरते, नंतर तेल आणि धूळ मिळून घासपेस्ट तयार होते. बारीक स्प्रिंग त्या चिखलात दबून बसते, पत्ती वर येत नाही. कधी कुलूप कोणत्याही चावीने उघडतं, कधी कोणत्याच चावीने नाही. दोन्हीचं कारण हेच.

झिजेचं गणित समजून घ्या. चावीच्या दातांची खोली ठरावीक पायऱ्यांत असते, आणि दोन पायऱ्यांमधला फरक साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर असतो. तीस-चाळीस वर्षांत दात सहज ०.२ ते ०.३ मिलिमीटर खाली जातो आणि त्याचे उतार गोल होतात. चावी केसभर मागे ओढली की पत्ती त्या उताराच्या जरा उंच जागी बसते, वर उचलली की गेलेली उंची भरून निघते. लकब चालते ती एवढ्यामुळे. आता हीच चावी चौकात नेऊन डुप्लिकेट केली तर यंत्र काय करणार? झीज जशीच्या तशी उतरवणार, वर स्वतःची थोडी चूक घालणार. डुप्लिकेटची डुप्लिकेट, तिचीही डुप्लिकेट, असं तीन पिढ्या झालं की चावी अर्ध्या पायरीने चुकते आणि लकबही उपयोगी पडत नाही.

म्हणून नवी चावी झिजलेल्या चावीवरून करू नका, नमुन्यावरून करा. नमुन्याचा क्रमांक शोधायच्या जागा: मूळ चावीचं डोकं, कुलपाचा दर्शनी भाग, इग्निशन स्विचची कड. ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत क्रमांक अनेकदा तिथेच ठोकलेला असतो, ब्रशने घासून तिरप्या उजेडात पाहावा. क्रमांक नसेल तर गाडीतलं सगळ्यात कमी वापरलेलं कुलूप उघडा. ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप रोज फिरतं, ग्लोव्ह बॉक्सचं वर्षातून एकदा. गाडीला एकच चावी चालत असेल तर ग्लोव्ह बॉक्समधल्या पत्त्या कारखान्यातून आल्या तशा असतात. त्या पत्त्यांना सपाट बसेल अशी कोरी चावी कानशीने लावली की मूळ चावी परत मिळाली. कोरी चावी पितळी किंवा जर्मन सिल्व्हरचीच घ्या.

कुलूप उतरवण्याआधी मात्र एक खात्री करा, कारण निम्म्या वेळा दोष कुलपाचा नसतोच. दार उघडं ठेवा, लॅच (दाराचा खटका) पेचकसाने बंद करा आणि चावी फिरवून पाहा. उघड्या दारात सुरळीत फिरते आणि मिटलेल्या दारात अडते, तर बिजागरीची पिन झिजून दार खाली आलंय. मिटताना दार हलकं वर उचलावं लागत असेल तर तीच गोष्ट. तिथे पिन आणि बुश बदला, मग स्ट्रायकर, म्हणजे खांबावरचा ज्यात खटका अडकतो तो तुकडा, सैल करून जागेवर आणा. कुलपाला हात लावू नका.

दोष कुलपाचाच असेल तर काच पूर्ण वर करा. काचेचं हँडल आणि आतलं हँडल काढा. या हँडलांची पिन मागच्या गोल चकतीखाली दडलेली असते. चकती आत दाबून पिन बारीक सुयाने बाहेर ढकलायची. दाराचा पॅड क्लिपांजवळ पातळ पट्टी घालून सोडवा, मध्ये धरून ओढला तर जुना पुठ्ठा फाटतो. मग दाराच्या पोटात तळाशी एक जुनी चादर अंथरा. पडलेली क्लिप किंवा स्प्रिंग पाण्याच्या भोकांकडे घरंगळली की तास जातो. बहुतेक ठिकाणी कुलूप पत्र्यामागे घोड्याच्या नालेसारख्या चपट्या क्लिपने धरलेलं असतं, ती पेचकसाने सरकते. काही गाड्यांत ते हँडलमध्येच बसवलेलं असतं आणि मागे सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) किंवा पिन असते.

गाभा बाहेर काढताना चावी आतच राहिली पाहिजे. चावी ओढली की पत्त्या स्प्रिंगसकट उडतात, आणि त्या स्प्रिंगा तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात. ताटलीवर धरून एकेक पत्ती काढा, अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा, पहिली चावीच्या तोंडाकडची. सगळं रॉकेलमध्ये धुवा, मऊ ब्रश फिरवा, हवेने कोरडं करा. घराच्या आत पांढरी भुकटी दिसली तर ते जस्त खाल्लं गेलंय. ती लाकडी काडीने खरवडा, सँडपेपर लावू नका, नाहीतर गाभा घरात कायमचा डुलायला लागेल.

चावी घालून गाभा उजेडात धरा आणि कडेवरून बोट फिरवा. जी पत्ती नखाला लागते ती दोषी. पत्त्यांचे खोलीप्रमाणे चार-पाच प्रकार असतात आणि त्यावर बहुधा आकडा असतो, म्हणून एखाद्या भंगार कुलपातली योग्य आकड्याची पत्ती सरळ बसते. पत्तीच नाही मिळाली तर कड बारीक कानशीने घासतात. हा शेवटचा उपाय. एका पत्तीवर फार तर ०.१ ते ०.२ मिलिमीटर, तेही एक-दोन पत्त्यांपुरतंच. सगळ्या घासल्या तर कुलूप पेचकसानेही उघडेल. तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी बॉलपेनची स्प्रिंग कापून घालू नका, तिच्या जोराने चावीचे दात दुप्पट वेगाने जातात.

जुळवताना तेल किंवा ग्रीस नको. सुक्या ग्रॅफाइटची चिमूटभर पूड, खाचेत फुंकून, आणि चावी दहा-बारा वेळा आत-बाहेर. आधी तेल घातलेलं असेल तर ते पूर्ण धुतल्याशिवाय ग्रॅफाइट घालू नका, दोन्ही मिळून काळा गोळा होतो. लॅचला आणि त्याला जोडलेल्या दांड्यांच्या सांध्यांना मात्र ग्रीस हवंच. पॅड बसवण्याआधी दार उघडं असतानाच चावी वीस वेळा फिरवा, मग काच खाली-वर करून पाहा. काचेची कड कुलपाच्या शेपटीला घासत असेल तर क्लिप तिरकी बसली आहे.