बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी लस घ्यावी का?

माझी भाची अकरा दिवसांची होती तेव्हाची गोष्ट. सकाळी मालिशवाल्या मावशी आलेल्या, बाथरूममध्ये पाय लांब करून बसलेल्या, बाळ नडग्यांवर पालथं घातलेलं, आणि पाठीला तेल चोळता चोळता त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी तोंड वळवून खांद्यात खोकलं आणि परत चोळायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही दादा, पंधरा दिवस झाले, जाईल हळूहळू." आमच्या आधी त्या दोन घरं करून आल्या होत्या, पुढे अजून दोन होती, आणि सगळीकडे महिना-दोन महिन्यांची बाळं.

मी डांग्या खोकल्याच्या लसीचा विषय काढला तर बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, लस बाळाला देतातच की, मावशींना कशाला? हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांनाच पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपल्याकडे पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात देतात. त्यात डांग्या खोकल्याची लस असते. म्हणजे पहिले सहा आठवडे बाळाकडे स्वतःचं काहीच नाही, आणि नीट संरक्षण यायला तीन महिने उलटून जातात. फ्लूची लस तर सहा महिन्यांच्या आत देताच येत नाही, आणि गोवराची नऊ महिने पूर्ण झाल्यावर. आणि नेमक्या याच दिवसांत बाळ सगळ्यात जास्त हातांमधून फिरतं, आई, आजी, मालिशवाली, बघायला येणारे पाहुणे, आणि आईची रजा संपली की दिवसभर सांभाळणारी ताई.

आता डांग्या खोकला. बरेच जण समजतात हा आजार आजीच्या काळात संपला. संपलेला नाही. 2010 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात नऊ हजारांवर केसेस झाल्या आणि दहा तान्ही बाळं गेली, आणि तिथे लसीकरण भरपूर आहे. याचा जंतू बोर्डेटेला पर्ट्युसिस. आपल्या श्वासनलिकेला आतून अतिशय बारीक केसांचं अस्तर असतं, ते केस सतत हलत राहून कफ वर ढकलत असतात. हा जंतू नेमका त्या केसांना चिकटतो आणि विष सोडून केसवाल्या पेशीच मारून टाकतो. झाडणारं कोणी उरलं नाही की कफ साठतो, आणि तो काढायला शरीराकडे खोकण्याशिवाय दुसरा उपाय राहत नाही. अँटिबायोटिकने जंतू मेला तरी खोकला आठवडेच्या आठवडे चालतो तो त्यामुळेच, पेशी परत उगवायला वेळ लागतो.

मोठ्या माणसात हा नुसता न थांबणारा खोकला असतो, कोणी डॉक्टरकडेही जात नाही. पण दीड महिन्याच्या बाळात कधीकधी खोकलाच दिसत नाही, ते श्वास घ्यायचं थांबतं आणि निळं पडतं. या जंतूच्या एका विषामुळे पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडू शकत नाहीत, त्या रक्तातच साठत जातात, गंभीर केसमध्ये काउंट लाखाच्या वर जातो आणि फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्या या पेशींनीच तुंबतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. आणि तरी आपल्याकडे गल्लीत गाढविणीचं दूध विकायला आलं की लोक खोकल्यावर म्हणून चमचाभर तान्ह्या बाळाला पाजतात! कच्च्या दुधाने खोकला तर जात नाहीच, दुसरं इन्फेक्शन मात्र होऊ शकतं. कृपा करून पाजू नका.

तर मग मावशींना लस दिली की काम झालं का? इथे खरी गंमत आहे. मोठ्यांसाठी टीडॅप नावाची लस असते, धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला तिन्हींची. त्यातला डांग्या खोकल्याचा भाग अख्ख्या जंतूचा नसतो, जंतूचे निवडक तुकडे असतात, कारण अख्ख्या जंतूच्या लसीने मोठ्यांना ताप आणि सूज फार येते. 2013 मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बबून माकडांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. तुकड्यांची लस दिलेली माकडं आजारी पडली नाहीत, पण जंतू त्यांच्या घशात आठवडेच्या आठवडे राहिला आणि शेजारच्या लस न दिलेल्या माकडांना त्यांच्याकडून लागणही झाली. अख्ख्या जंतूची लस दिलेल्यांनी तो लवकर साफ केला, आणि आधी आजार होऊन गेलेल्यांमध्ये तो टिकलाच नाही. कारण असं की तुकड्यांच्या लसीने रक्तात अँटिबॉडी भरपूर तयार होतात, पण घशाच्या आणि नाकाच्या अस्तरात जागेवर बसून पहारा देणाऱ्या टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार), त्यातही टीएच-17 प्रकारच्या, नीट तयार होत नाहीत. म्हणजे पोलीस ठाण्यात फौज आहे आणि वेशीवर कोणी नाही.

म्हणून लस बिनकामाची असं मात्र नाही. जो खोकतच नाही तो जंतू कमी उडवतो, एवढं साधं आहे. पण तिला भिंत समजू नका, शिवाय तिचा असर दोन-चार वर्षांत बराच उतरतो. बाळाभोवतीच्या सगळ्यांना टोचून कोश करायचा हा उपाय अमेरिकेने करून बघितला, सगळ्यांना गाठणंच जमेना, आणि 2012 पासून तिथे प्रत्येक गरोदरपणात आईलाच टीडॅप देण्याची शिफारस झाली, 27 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान. या काळात आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जोरात जातात आणि बाळ त्या घेऊनच जन्माला येतं. इंग्लंडमध्येही त्याच वर्षी हे सुरू झालं आणि लहान बाळांमधला आजार सुमारे 90 टक्के टळतो असं दिसलं.

त्यामुळे माझं मत असं. पहिली लस आईची. मग बाबा, आजी-आजोबा आणि सांभाळणाऱ्या मावशी एकाच रांगेत, टीडॅप एकदा आणि फ्लूची दरवर्षी पावसाळ्याआधी. बाळाला लागण कोणाकडून झाली हे शोधलं की बहुतेक वेळा घरातलंच माणूस निघतं, तेव्हा स्वतः न टोचता फक्त बाईकडे सर्टिफिकेट मागणं मला अजिबात पटत नाही. लशीचे पैसे आपण द्यायचे, टीडॅप हजाराच्या पुढे जाते, महिन्याच्या पगारातून ते कापणं चूक आहे. आणि खोकला-ताप असेल त्या दिवशी पगारी सुट्टी, कारण पैसे कापले जाणार असतील तर माणूस खोकला लपवून येणारच. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, टीबी असेल तर तो वेळेत कळायला हवा, मावशींसाठी आधी आणि बाळासाठीही.

आमच्या मावशींनी आधी दंडावरची देवीची खूण दाखवली, "मला सगळं टोचलंय लहानपणी." बहिणीने शांतपणे समजावलं की देवीची लस वेगळी, ही वेगळी, आणि लहानपणी डांग्या खोकला होऊन गेला असला तरी त्याची ताकद जन्मभर पुरत नाही. थुंकी तपासली, काही निघालं नाही. खोकला गेल्यावर बहिणीने स्वतः सोबत जाऊन लस देऊन आणली. दुसऱ्या दिवशी दंड दुखत होता म्हणून मावशींना घरीच राहायला सांगितलं, पैसे न कापता.

परत आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "माझ्या सुनेला सातवा लागलाय, तिला सरकारी दवाखान्यात इंजेक्शन दिलंय, ते हेच ना?" ते हे नव्हतं. सरकारी कार्यक्रमात गरोदर बायकांना टीडी मिळते, धनुर्वात आणि घटसर्पाची. त्यात डांग्या खोकल्याचा भाग नाही. जी लस बाळाला पहिल्या दिवसापासून वाचवते ती अजून विकतच घ्यावी लागते, आणि ती मोफत मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं. सुनेच्या लशीचे पैसे बहिणीने दिले. पण त्याच वस्तीत मावशींच्या ओळखीच्या अजून तिघी गरोदर आहेत.