बंदुकीच्या पितळी साजावरचं हातकोरीव काम

ठासणीच्या रायफलीला जे पितळी भाग बसवलेले असतात त्यांच्यावर कोरणीने हातानेच वेलबुट्टी, फुलं, चांदण्या, गरुड वगैरे काढायचं हे काम. साज म्हणजे काय, तर दस्त्याच्या टाचेवरची पट्टी, चापाभोवतीचं कडं, डाव्या बाजूला चकमकीच्या यंत्राचे स्क्रू जिच्यावर टेकतात ती पट्टी, बार ठासायचा गज आत सरकवायच्या छोट्या नळ्या, आणि दस्त्याच्या उजव्या अंगावरची झाकणवाली डबी म्हणजे पॅचबॉक्स. यातला एकही भाग मुळात शोभेचा नाही. टाचेची पट्टी लाकूड फुटू नये म्हणून, कडं चापाला भलतंच काही लागू नये म्हणून. शोभा नंतर आली आणि मग मात्र भरभरून आली.

हे काम सगळ्यात जास्त बहरलं ते १८व्या शतकातल्या अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, त्यातही लँकेस्टरच्या आसपास. जर्मन मुलखातून आलेल्या बंदूककारागिरांनी आपली आखूड, जाड नळीची येगर म्हणजे शिकारी रायफल तिथे हळूहळू लांब आणि सडपातळ केली, नळी ४० इंचांच्या पुढे गेली, दस्ता मेपलच्या लहरी रेषांच्या लाकडाचा झाला. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, त्यामुळे गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून ठासावी लागते म्हणजे ती खाचांना घट्ट धरते, आणि या चिंध्या ठेवायला दस्त्यात डबी. सुरुवातीला डबीचं झाकण लाकडाचं, सरकवायचं होतं, नंतर बिजागरीचं पितळी झाकण आलं, आणि कारागिराला कोरायला चांगली मोठी मोकळी जागा मिळाली. अमेरिका स्वतंत्र झाल्यानंतरची तीसेक वर्षं हा या कामाचा सुवर्णकाळ धरतात. लँकेस्टरच्या डब्यांच्या वरच्या टोकाला डेझीचं फूल हमखास दिसतं, तिथल्या जेकब डिकर्टचं नाव तर या रायफली जमवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

आता प्रत्यक्ष काम. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, पत्र्यात साधारण ७०:३०. असा पत्रा भट्टीत तापवून मऊ केलेला असेल तर कोरणीला चिकटल्यासारखा होतो, आणि ओतीव पितळात मध्येच बारीक छिद्रं किंवा कडक दाणे लागतात तिथे कोरणी अडखळते. ३ टक्के शिसं घातलेलं आजचं पितळ भुगा होऊन स्वच्छ कापतं पण ते लेथसाठी बनवलेलं, वाकवायला गेलं की तडकतं, म्हणून दस्त्याच्या गोलाईवर बसवायच्या भागांना उपयोगाचं नाही.

भाग आधी लाकडात बेमालूम बसवून, कानशीने आणि पॉलिश पेपरने साफ करून मग कोरायला घेतात. आरशासारखी चकाकी या टप्प्यावर नको, डोळ्यांवर येते आणि रेघ दिसत नाही. पांढऱ्या रंगाचा पातळ हात देऊन त्यावर पेन्सिलीने नक्षी आखायची, मग भाग राळेच्या गोळ्यात किंवा लाकडी ठोकळ्यावर पक्का धरायचा. कोरणी म्हणजे चौकोनी पोलादी सळई, तिचं तोंड ४५ अंशांच्या आसपास तिरपं घासलेलं, मागे तळहातात बसेल अशी लाकडी मूठ. धार लागली की नाही हे अंगठ्याच्या नखावर बघतात: टेकवल्यावर अडकली तर तयार, घसरली तर परत दगडावर. बोथट कोरणी पितळावरून सटकते आणि झाकणभर आडवा ओरखडा मारून जाते, तो मग गुळगुळीत पोलादी सळईने दाबून दाबून बुजवावा लागतो.

लोखंडावर कोरताना बहुधा हातोडी लागते, पितळावर तळहाताच्या जोराने भागतं. गोलाई काढताना हात वळवायचा नसतो, वळवायचा तो भाग, कोरणी जवळजवळ जागेवरच राहते आणि खालून पितळ फिरतं. कोरणी जरा कलती केली की रेघ एका बाजूने रुंद होते आणि तिथे उजेड चमकतो, पानाला जी जाडी-बारकी येते ती इथून. किनारीसाठी सपाट तोंडाची कोरणी एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर डोलवत पुढे नेतात, मागे नागमोडी माळ उमटत जाते. शिकणारे बहुतेक इथूनच सुरुवात करतात आणि तेच बरोबर, कारण हाताचा ताल इथे बसतो.

माझ्या मते चांगलं काम ओळखायचं ते नक्षी किती गच्च आहे यावरून नाही, एकेक रेघ कशी सुरू होते आणि कशी संपते यावरून. हाताची रेघ बारीक सुरू होऊन मध्ये खोल जाते आणि शेवटी निमुळती होत पृष्ठभागावर येते, खाच इंग्रजी व्ही सारखी, कडा धारदार. साच्यात दाबलेल्या पत्र्यावर कडा गोलसर असतात आणि दहा नग घेतले तर दहाही सारखेच. तेजाबाने खाल्लेल्या नक्षीचा तळ सपाट आणि कडा कुरतडलेल्या. चोरबाजारात भिंतीवर लावायच्या शोभेच्या बंदुका बघाल तेव्हा भिंग घेऊन एवढं बघा, पाच मिनिटांत कळतं.

कोफ्तगिरीशी याची गल्लत करू नये. आपल्याकडच्या तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने बार उडवायच्या, बंदुकांच्या नळ्यांवर दिसते ती सोन्याची नक्षी म्हणजे खरवडलेल्या लोखंडावर सोन्याची तार ठोकून बसवलेली असते, तो वेगळा हुन्नर. कोफ्तगिरी बघायची असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं शस्त्रांचं दालन गाठा, घाई न करता बघा. आणि आपल्या घरातल्या पितळी डब्यांवर, तांब्यांवर जुनी नावं घातलेली असतात ना, ‘सप्रेम भेट’ वगैरे, टिंबाटिंबांची, ती छिन्नीने ठोकलेली असतात, म्हणजे धातू दाबला जातो, कापला जात नाही. कोरणीत धातूची बारीक कुरळी साल निघते. फरक एवढाच पण मोठा आहे.

कायद्याचं थोडक्यात: चालू स्थितीतली ठासणीची बंदूकही शस्त्र कायदा, १९५९ खाली येते, मुंबईत परवाना पोलीस आयुक्तालयाकडून. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात बसते आणि ती स्वतःच्या मर्जीने परदेशात नेता येत नाही.

जुन्या साजाचं सगळ्यात जास्त नुकसान घासण्याने झालंय, हे कळकळीने सांगावंसं वाटतं. चिंच, रांगोळी, भांड्यांची पावडर हे समईला ठीक, पण कोरीव रेघ केसाएवढीच खोल असते, दर दिवाळीला घासलं तर काही वर्षांत बारीक छटेच्या रेघा जातात आणि उरते फक्त बाहेरची ओळ. रेघांत बसलेला काळपटपणा मुद्दाम ठेवायचा असतो, त्यानेच नक्षी उठून दिसते. अमोनियावालं पॉलिश तर नकोच. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की तडकायची, घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ठोकून बनवलेल्या पितळातला ताण मिळून हे होतं असा उलगडा १९२१ मध्ये झाला, आणि वाकवून ठोकून बसवलेल्या साजातही तसाच ताण असतो. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत करायचं एवढंच: सुती मोजे घालून हाताळायचं, मऊ कोरड्या फडक्याने पुसायचं, वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात द्यायचा, आणि पावसाळ्यात बंदूक फोमच्या बंद केसमध्ये कोंडून ठेवायची नाही.