जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातील प्रतिमादर्जा

जुना डिजिटल कॅमेरा, प्रतिमादर्जा सुधारणे : साधारण १९९९ ते २०१० या काळात आलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांतून अधिक स्वच्छ, तपशीलवार आणि रंगांना धरून असलेली छायाचित्रे मिळवण्याच्या पद्धती. अशा कॅमेऱ्यांना नावे ठेवताना बहुधा मेगापिक्सेलचा आकडा पुढे केला जातो, पण खरी अडचण तिथे क्वचितच असते. निकॉन डी१ (१९९९) सुमारे २.७ मेगापिक्सेलचा होता, तर कॅनन ईओएस ३००डी (२००३) ६.३ आणि निकॉन डी४० (२००६) सुमारे ६ मेगापिक्सेलचा. फुल एचडी पडद्याला जेमतेम २ मेगापिक्सेल लागतात. ३,००० × २,००० पिक्सेलची प्रतिमा दर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने १० × ६.७ इंच छापता येते. जुने कॅमेरे मागे पडतात ते नॉइज (चित्रातली खरखर, नको असलेले ठिपके), उजेड-सावलीतला फरक सामावून घेण्याची कमी क्षमता आणि कॅमेऱ्याच्या आत घाईने होणारी प्रक्रिया यांमुळे. पहिल्या दोन गोष्टी पुष्कळ अंशी सांभाळता येतात. तिसरी तर पूर्णपणे टाळता येते.

प्रकाश आणि आयएसओ : प्रकाश कणाकणाने येतो आणि त्याची मोजणी मुळातच डळमळती असते. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन (प्रकाशाचे कण) नोंदले गेले तर चढउतार सुमारे १०० चा, म्हणजे १ टक्का. १०० च फोटॉन आले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. सावलीचा भाग आधी खरखरीत दिसतो तो यामुळे. जुन्या कॅमेऱ्यांत संकेत वाचणाऱ्या मंडलाचा स्वतःचा नॉइजही बराच असल्याने सावलीवर दुहेरी मार बसतो. म्हणून जमेल तिथे सर्वांत कमी आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा; १०० किंवा २००) ठेवावा आणि उजळ भाग करपणार नाहीत इतपत भरपूर एक्सपोजर (चित्रासाठी आत घेतलेला प्रकाश) द्यावे. करपलेला पांढरा भाग कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. मागचा छोटा पडदा पाहून अंदाज बांधू नये, हिस्टोग्राम (किती पिक्सेल किती उजळ आहेत ते दाखवणारा आलेख) पाहावा. त्यातही एक खोच आहे : अनेक जुन्या कॅमेऱ्यांत फक्त एकूण उजळपणाचा आलेख दिसतो, त्यामुळे गडद लाल फुलाचा लाल रंग आधीच संपृक्त झालेला (कमाल मर्यादेला पोचलेला) असूनही आलेख निर्धास्त दिसतो.

नव्या कॅमेऱ्यांवर लागलेली एक सवय इथे नडते. आजच्या पुष्कळ सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) कमी आयएसओवर काळपट चित्र घेऊन ते नंतर उजळले तरी फारसे बिघडत नाही. जुन्या कॅमेऱ्यात मात्र अशा उजळण्याने सावलीत आडवे-उभे पट्टे उमटतात. प्रकाश कमीच असेल तर चित्र टिपतानाच आयएसओ वाढवणे बरे.

रॉ फाइल : रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली, कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली माहिती. सर्वांत मोठा फायदा इथे आहे. जेपेगमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया करून दाबलेल्या फाइलमध्ये) प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये ४,०९६. पण पायऱ्यांच्या संख्येपेक्षाही महत्त्वाची गोष्ट वेगळीच. कोडॅकमधील ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटमधील मांडणीनुसार सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी असते; उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून गणिताने काढावे लागतात. कॅमेऱ्यातला प्रोसेसर हे गणित क्षणार्धात उरकतो, आणि तेही तो कॅमेरा तयार झाला त्या काळच्या रीतीने. रॉ फाइलवर तेच काम आजच्या संगणकावर, सुधारलेल्या पद्धतींनी करता येते. २००४ मध्ये घेतलेली रॉ फाइल म्हणूनच आज उघडली तर तेव्हापेक्षा बारीक तपशील आणि कमी नॉइज देते. रॉथेरपी आणि डार्कटेबल ही मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेशी आहेत. यंत्रशिक्षणावर आधारलेली नॉइज काढण्याची साधनेही जुन्या फाइलींवर चालतात, मात्र जोर वाढवला की त्वचा आणि पाने मेणासारखी दिसू लागतात. कॅननच्या बऱ्याच पॉवरशॉट कॅमेऱ्यांत मूळची रॉ सोय नाही. कार्डावरून चालणाऱ्या सीएचडीके या सॉफ्टवेअरने ती मिळू शकते. केवळ जेपेगच मिळत असेल तर दर्जा सर्वोच्च ठेवून कॅमेऱ्यातले शार्पनिंग आणि कॉन्ट्रास्ट उतरवावेत.

अनेक चित्रांची सरासरी : विषय स्थिर असेल तर एकामागून एक तेच चित्र घेऊन संगणकावर जुळवावे आणि त्यांची सरासरी काढावी. नॉइज चित्रसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो : ४ चित्रांत निम्मा, १६ चित्रांत पाव. खगोलछायाचित्रकारांचे हे रोजचे तंत्र जुन्या कॅमेऱ्याच्या वाट्याला फारसे येत नाही, हे नवलच. लांब एक्सपोजरमध्ये तापलेले पिक्सेल रंगीत ठिपक्यांसारखे चमकतात. लेन्सला टोपी घालून तितक्याच वेळेचे काळे चित्र घ्यावे आणि ते मूळ चित्रातून वजा करावे.

लेन्स : जुन्या डीएसएलआरला (लेन्स बदलता येणाऱ्या, आरशाच्या कॅमेऱ्याला) चांगली लेन्स लावली की फरक ताबडतोब दिसतो. अपर्चर (लेन्समधले प्रकाश आत येण्याचे भोक) बारीक केल्याने लेन्सचे दोष झाकले जातात, पण एका मर्यादेपर्यंतच. एफ/८ ला (एफपुढचा आकडा मोठा तितके भोक लहान) हिरव्या प्रकाशाचा विवर्तनाने, म्हणजे लहान भोकातून जाताना, पसरलेला ठिपका सुमारे ११ मायक्रोमीटरचा होतो. ६ मेगापिक्सेलच्या डीएसएलआरचा पिक्सेल जवळपास ८ मायक्रोमीटरचा असल्याने तिथे हे खपते. दीड-दोन मायक्रोमीटरचे पिक्सेल असलेल्या खिशातल्या कॅमेऱ्यात एफ/८ म्हणजे हमखास मऊ चित्र. तिथे मोठे अपर्चरच चांगले. बहुतेक जुन्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे चित्र किंचित मऊ करणारी गाळणी असते, तेव्हा लहान त्रिज्येचे शार्पनिंग नंतर द्यावेच लागते. ट्रायपॉड वापरताना सेल्फ-टायमर लावावा.

देखभाल : सेन्सरवरची धूळ पाहण्यासाठी एफ/२२ ला निरभ्र आकाश टिपावे. जास्त क्षमतेच्या एसडीएचसी कार्डांची पद्धत २००६ मध्ये आली. त्याआधीचे बरेच कॅमेरे २ जीबीपर्यंतचीच साधी एसडी कार्डे ओळखतात.

सीसीडीचा रंग : सीसीडी आणि सीमॉस हे सेन्सरचे दोन प्रकार. जुन्या सीसीडी सेन्सरचे रंग सीमॉसपेक्षा मुळातच सुंदर असतात, असा एक समज आहे. दोन्ही सिलिकॉनचेच असतात; रंग ठरतो तो मुख्यतः रंगगाळण्या आणि नंतरची प्रक्रिया यांवर. सीसीडीचा खरा लाभ वेगळाच आहे. इलेक्ट्रॉनिक शटरमुळे निकॉन डी७० आणि डी४० यांना १/५०० सेकंदापर्यंत फ्लॅश जुळवता येतो, आणि भर उन्हात चेहऱ्यावरची सावली भरून काढायला हा वेग कामी येतो.