शस्त्र-तिजोरी, घरगुती

घरगुती शस्त्र-तिजोरी : परवान्याचे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा बंदूक घरात कुलूपबंद ठेवण्याची पोलादी पेटी वा कपाट. घरफोडीपासून बचाव हा तिचा एक उपयोग. रोजचा उपयोग मात्र घरातलीच मुले, पाहुणे आणि रागाच्या भरातला माणूस यांच्या हाती शस्त्र लागू न देणे हा आहे.

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांखाली परवाना मिळतो. अर्जदाराला शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. पुणे शहरात पोलीस आयुक्त, पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून तिथले स्वतंत्र आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी परवाना देतात. त्यामुळे सदाशिव पेठेतून वाकडला बिऱ्हाड हलवले, तर तिजोरीबरोबर परवान्याचे कागदही हलवावे लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रांची मुभा ठेवली (नेमबाज खेळाडूंना वेगळी सवलत आहे). वीस बंदुकांची अमेरिकी कपाटे त्यामुळे इथे निरर्थक ठरतात.

आकार शस्त्रावरून ठरतो. रिव्हॉल्व्हरला लहान पेटी पुरते. बारा बोअरची लांब नळीची बंदूक भाग सुटे न करता ठेवायची तर सुमारे सव्वा मीटर उंचीची आतली जागा लागते. मुळशी-मावळात पिकांच्या राखणीसाठी बंदूक बाळगणाऱ्यांना हेच कपाट लागते. पत्रा दोन मिलिमीटरच्या आसपास असला तर पहारीपुढे फार वेळ टिकत नाही; तीन मिलिमीटर वा अधिक जाडी, दाराच्या आतून सरकणारे जाड बोल्ट आणि बाहेरून न दिसणाऱ्या बिजागऱ्या पाहून घ्याव्यात. तिजोऱ्यांसाठी ‘आयएस ५५०’ हे भारतीय मानक आहे. आगरोधक तिजोरीच्या भिंतींत बहुधा जिप्समसारखा थर असतो. तापल्यावर त्यातले पाणी वाफ होऊन आतले तापमान काही काळ आवरते.

कुलूप किल्लीचे, आकड्यांच्या चकतीचे, बटणांचे किंवा बोटाच्या ठशाचे असते. स्वस्त बटणांच्या पेट्यांपैकी काही नुसत्या जोराच्या दणक्याने उघडतात. ठशाचे कुलूप ओल्या किंवा भेगाळलेल्या बोटाला दाद देत नाही. पण खरी गोम जादा किल्लीत असते. ती साड्यांच्या घडीखाली किंवा देवघराच्या खणात सापडणार, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असते. शस्त्र हाताळण्याचा अधिकार परवानाधारकाचाच असल्याने आकडा आणि किल्ली त्याच्यापाशीच असावी. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत.

बसवणे हा सर्वांत दुर्लक्षित भाग. जमिनीला न जखडलेली पेटी चोर तशीच उचलून नेतो आणि सवडीने फोडतो. सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबला विस्तारणारे अँकर बोल्ट चांगले धरतात, पण फरशी आणि तिच्याखालचा मसाल्याचा थर मिळून चार-पाच सेंटिमीटर होतात आणि तेवढी लांबी धरण्याच्या कामी येत नाही. बोल्ट त्या हिशेबाने लांब घ्यावा, मात्र भोक खालच्याच्या छतातून बाहेर येणार नाही एवढे पाहावे. बाथरूमलगत स्लॅब खाली घेऊन भर घातलेली असते. तिथे धरायला काही नसते, वर नळ फुटण्याची भीती. बाणेर-हिंजवडीकडच्या नव्या इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असल्या तर साधा बोल्ट निसटतो, रासायनिक अँकर (भोकात चिकटद्रव्य भरून पक्का केलेला बोल्ट) लागतो. भिंती ओतीव काँक्रीटच्या असल्या तर पकड उत्तम, पण विजेच्या नळ्या आतच असतात. आत ताणलेल्या पोलादी तारा असलेल्या (पोस्ट-टेन्शन) स्लॅबला बिल्डरच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिल लावणे हा शुद्ध वेडेपणा आहे. पेठांतल्या वाड्यांत लाकडी तुळयांच्या वरच्या मजल्यावर जड तिजोरी चढवूच नये. तळमजल्यावरची आतली खोली बरी.

वजनाचाही हिशेब करावा. राहत्या घराची जमीन साधारण दर चौरस मीटरला दोनशे किलो भारासाठी आखलेली असते, म्हणून जड तिजोरी खोलीच्या मध्यात न ठेवता खांब-तुळईजवळच्या कोपऱ्यात ठेवतात. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता ४०८ किलो असते; हमालांची वजनेही त्यातच धरावी लागतात. सोसायटीला आधी कळवले तर फरशी फुटण्यावरून वाद होत नाहीत. आत काय ठेवणार हे मात्र कोणाला सांगायची गरज नाही.

जून ते सप्टेंबर बंद पेटीत दमट हवा कोंडते आणि नळीवर गंज चढतो. सिलिका जेलची पुडी, तेलाचा पातळ हात आणि अधूनमधून दार उघडणे एवढ्याने भागते. चामड्याच्या म्यानात घालून शस्त्र ठेवू नये, चामडे ओल धरते. खंडेनवमीला पूजेसाठी शस्त्र बाहेर येते, तेव्हा ते रिकामे असल्याची खात्री दोनदा करावी आणि हळदकुंकू लागलेच तर परत ठेवण्यापूर्वी पुसून टाकावे.

तिजोरी कितीही भक्कम असली तरी निवडणुकीच्या काळात परवाने तपासणाऱ्या छाननी समितीने ठरवलेल्या परवानाधारकांना शस्त्र पोलिसांकडे जमा करावे लागते. शस्त्र हरवले वा चोरीला गेले तर लगेच जवळच्या ठाण्यात कळवणे बंधनकारक आहे. परवानाधारक वारला तर वारसांनी ते स्वतःकडे न ठेवता ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते.