आणीबाणी आणि राष्ट्रपती राजवट: दोन्ही एक समजू नका

2019 च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागली तेव्हा टपरीवर पण आणि व्हॉट्सॲपवर पण लोक सरळ "आणीबाणी लागली" म्हणत होते. मला ते आजही खटकतं, कारण आपल्याकडून नेमकं काय काढून घेतलंय हेच कळलं नाही तर आपण मागायचं काय?

दोन्हीतला फरक बघायचा तर 1975 कडे जावं लागतं. 25 जूनच्या रात्री कलम 352 खाली देशभर आणीबाणी लागली, तरी महाराष्ट्रात शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते ते शेवटपर्यंत राहिले, विधानसभा पण राहिली. तिकडे तामिळनाडूत करुणानिधींचं द्रमुक सरकार होतं, आणीबाणीला उघड विरोध करणारं, आणि तेसुद्धा सात महिने टिकलं! ते घालवायला केंद्राला 31 जानेवारी 1976 ला राष्ट्रपती राजवटीचं कलम 356 वेगळं वापरावं लागलं, म्हणजे नुसत्या आणीबाणीने राज्य सरकार जात नाही.

मग आणीबाणीत जातं काय, तर राज्याच्या हातातली सत्ता. पोलीस, शेती असे जे राज्यसूचीतले, म्हणजे एरवी फक्त राज्याने कायदे करायचे विषय आहेत त्यांच्यावर संसद कायदे करू शकते आणि कारभार कसा चालवायचा याचे आदेश केंद्र राज्याला देऊ शकतं, सोबत आपल्या मूलभूत हक्कांवर पण गदा येते. आधी 'अंतर्गत अशांतता' एवढ्या सैल कारणावर आणीबाणी लावता यायची, 1975 ला तेच कारण दिलं होतं, म्हणून 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने ते काढून 'सशस्त्र उठाव' केलं. युद्ध आणि परकीय आक्रमण ही कारणं आधीपासूनच होती. जगण्याचा हक्क, कलम 21, आता आणीबाणीतसुद्धा बंद करता येत नाही.

राष्ट्रपती राजवटीत सगळं उलटं. तुमचे हक्क, हायकोर्ट, पेपर, सभा, कशालाच हात लागत नाही. जातं ते तुम्ही निवडून दिलेलं सरकार, राज्यपाल राष्ट्रपतींच्या वतीने कारभार बघतात आणि विधानसभा स्थगित किंवा बरखास्त होऊन तिचं काम संसदेकडे जातं.

मंजुरीचं गणित तर मला अजून पटत नाही. आणीबाणीला एका महिन्यात संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत (एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त आणि मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश) लागतं, पण एखाद्या राज्याचं सरकार घालवायला दोन महिन्यांत साधं बहुमत पुरतं, आणि त्या राज्याच्या विधानसभेला कुणी विचारतच नाही. हां, एक जागा अशी आहे जिथे दोन्ही कलमं जोडलेली आहेत: राष्ट्रपती राजवट एक वर्षाच्या पुढे न्यायची तर आणीबाणी चालू असावी लागते, आणि निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाने पण सांगावं लागतं. कमाल मर्यादा तीन वर्षं.

बाबासाहेबांनी संविधान सभेत आशा व्यक्त केली होती की असली कलमं वापरायची वेळच येऊ नये, कागदावरच राहावीत. झालं भलतंच, 1977 ला जनता सरकारने नऊ राज्यांतली काँग्रेसची सरकारं घालवली आणि 1980 ला इंदिरा गांधींनी तेच नऊ राज्यांत केलं, त्यात आपलं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार पण गेलं. याला खरा लगाम बसला 1994 च्या बोम्मई निकालाने. 1989 ला कर्नाटकात एस. आर. बोम्मई सभागृहात बहुमत दाखवायला तयार होते तरी त्यांचं सरकार घालवलं होतं. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की बहुमत राजभवनात नाही, सभागृहात मोजायचं, राष्ट्रपती राजवटीची घोषणा कोर्ट तपासू शकतं, आणि संसदेच्या मंजुरीआधी विधानसभा बरखास्त करायची नाही. 2016 ला उत्तराखंडात सुप्रीम कोर्टाच्या देखरेखीत बहुमत चाचणी झाली आणि हरीश रावत परत मुख्यमंत्री झाले. आपल्याकडे 2019 ला 23 नोव्हेंबरच्या पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी राजवट उठली, त्याच सकाळी मुख्यमंत्री म्हणून देवेंद्र फडणवीसांचा शपथविधी झाला, आणि 26 तारखेला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, उद्याच सभागृहात बहुमत सिद्ध करा, मतदान गुप्त नको आणि सगळं लाइव्ह दाखवा.