रोहिणी नावाचा मूळ रंग

मुलींच्या नावांच्या यादीत 'रोहिणी'पुढे बहुधा 'एक नक्षत्र' किंवा 'चंद्राची पत्नी' असं लिहिलेलं असतं. चूक नाही, पण हे झालं नात्याचं वर्णन. मूळ शब्द रंगाचा आहे. संस्कृतात रोहित म्हणजे तांबडा आणि त्याचं स्त्रीलिंग रोहिणी. वेदकाळी तांबड्या गाईलाही रोहिणीच म्हणत.

हिवाळ्यातल्या रात्री मृगातल्या तीन ताऱ्यांची रेघ व्याधाच्या उलट दिशेला वाढवली की एक ठळक नारिंगी तारा सापडतो. तीच रोहिणी. आपल्यापासून सुमारे ६५ प्रकाशवर्षं दूर. तिच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला आहे, त्यामुळे ती फुगत फुगत सूर्याच्या चाळीसेक पट रुंद झाली. फुगताना पृष्ठभाग थंडावला. सूर्याचं पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,८०० केल्विन, तर हिचं जेमतेम ३,९००. तारा जितका थंड तितका तांबूस, म्हणजे या नावात ताऱ्याचं उतारवय दडलेलं आहे.

नाव रंगावरूनच पडलं याचा मला सर्वांत पटणारा पुरावा तैत्तिरीय संहितेत, म्हणजे यजुर्वेदाच्या एका शाखेच्या ग्रंथात आहे. तिथल्या नक्षत्रांच्या यादीत रोहिणी दोनदा येते. दुसरी, जिची देवता इंद्र, ती आजची ज्येष्ठा. तोही ठळक लाल तारा, आणि आकाशात पहिलीच्या जवळजवळ समोरासमोर: एक मावळते तेव्हा दुसरी उगवते.

आता चंद्राचं प्रेमप्रकरण: कथेत प्रजापतीच्या साऱ्या मुली, म्हणजे नक्षत्रं, त्याच्या बायका, पण तो रमतो एकट्या रोहिणीपाशी. (याच संहितेत प्रजापतीच्या मुली सत्तावीस नव्हे, तेहतीस आहेत!) रोहिणी क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेच्या, दक्षिणेला साधारण साडेपाच अंशांवर आहे. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी सुमारे ५ अंशांनी कललेली, आणि त्या कलाची दिशा १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करते. त्यामुळे काही वर्षं चंद्र दर महिन्याला पृथ्वीवरच्या कुठल्या ना कुठल्या भागातून पाहताना रोहिणीला झाकतो. २०१५ ते २०१८ मध्ये असंच चाललं होतं. मग बरीच वर्षं तो लांबूनच निघून जातो. मघा, चित्रा, ज्येष्ठा यांनाही तो असाच झाकतो, तेव्हा एकनिष्ठतेचं फार कौतुक नको. मात्र या चौघींत सर्वांत तेजस्वी रोहिणीच.

मराठी शरीरशास्त्रानं हा रंग पुन्हा कामाला लावला. हृदयातून रक्त बाहेर नेणारी वाहिनी ती रोहिणी, परत आणणारी ती नीला. दोन्ही मुलींची नावं! प्राणवायूनं भरलेलं रक्त लालभडक असतं, त्यामुळे रोहिणी शोभतेही. अपवाद फुप्फुस-रोहिणीचा: तिच्यातून प्राणवायू कमी असलेलं, काळपट लाल रक्त वाहतं. नीलेतलं रक्तही निळं नसतंच. त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशामुळे ती वाहिनी आपल्याला निळसर भासते.