जुनी फोर बाय फोर ठेवायची की नवी घ्यायची? तपासणीला येण्याआधी हे वाचा

‘हिच्यात अजून पैसे घालू, की नवीन मॉडेल घेऊ?’ आमच्या गॅरेजमध्ये जुनी गाडी घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येकजण हे विचारतो. गाडी खालून बघितल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. म्हणून एक विनंती: तपासणीला गाडी चकाचक करून आणू नका.

बरेच जण आदल्या दिवशी इंजिन वॉश करतात, चेसीला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) काळं कोटिंग मारून घेतात. वॉश केला की तेलाच्या गळतीचा माग पुसला जातो. मग गाडी काही दिवस चालवून परत आणावी लागते. कोटिंगखालचा गंज तर दिसतच नाही. तो खरवडण्यात आमचा वेळ जातो आणि पैसे तुमचे. गाडी आदल्या संध्याकाळीच सोडून जा. इंजिन रात्रभर थंड राहिलं की सकाळचा पहिला सेल्फ आम्ही मारतो. ऑइल जळत असेल तर निळा धूर तेव्हा बऱ्याचदा दिसतो, गरम इंजिनात तो लपू शकतो.

चेसीवर हातोडी मारतो म्हणून काही मालक नाराज होतात. हलकेच मारतो हो. चांगला पत्रा टणटणतो, कुजलेला बद्द वाजतो. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) माउंटिंगजवळ आणि मागच्या क्रॉस मेंबरमध्ये, म्हणजे चेसीच्या आडव्या दांड्यात, चिखल साचून ओल धरतो, त्यामुळे गंज आतून लागतो. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) यांची दुरुस्ती होते. चेसी ठिकठिकाणी कुजली असेल, तर ठिगळं लावत बसू नका, गाडी बदला. आमचं काम बुडालं तरी आम्ही हेच सांगतो.

चेसी धड असेल, तर वापर कसा आहे ते बघायचं. घरच्यांना घेऊन हायवेवर जास्त फिरत असाल तर नवी घ्या. एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) जुन्या गाडीत मागाहून नीट बसवता येत नाहीत, इथे आमची कारागिरी चालत नाही.

आडवाटेचं गणित वेगळं. 2016 मध्ये बंद झालेल्या लँड रोव्हर डिफेंडरला वेगळी चेसी आणि पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल. 2019 मध्ये आलेली नवी मोनोकॉक (बॉडी आणि सांगाडा एकच), चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. पाण्यातून जाताना जुनीची खोलीची मर्यादा 500 मिमी, एअर सस्पेन्शनवाल्या नवीची 900. पण नवीत बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. उलट 2018 ची सुझुकी जिम्नी लॅडर फ्रेमवरच (शिडीसारख्या वेगळ्या चेसीवर) राहिली. तेव्हा मॉडेलचं साल बघून भुलू नका, लो रेंज (चढ-चिखलात कमी वेगात जास्त ताकद देणारा गिअर) आहे का ते आधी विचारा. नवी डिझेल घेऊन रोज जवळच्या जवळच फिरणार असाल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो, हेही लक्षात असू द्या.

तपासणीचा खर्च वेगळा पडतो. दुरुस्ती आमच्याकडे केलीत तर तो बिलातून वजा करतो. फोटोंसह लेखी अहवाल मिळतो; गाडी विकायची ठरली तर तोच गिऱ्हाइकापुढे ठेवता येतो.